अँबॉय, लोकसंख्या सुमारे चार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. भारतातून पाहुणे आले की डिस्नेलँड आणि लास व्हेगस ठरलेलंच. परतताना मात्र मी गाडी मुद्दाम आडवाटेला घालतो आणि मोहावी वाळवंटातल्या अँबॉय नावाच्या गावात थांबवतो. पाहुणे आधी वैतागतात, मग प्रश्न विचारायला लागतात. ते घरी पोहोचले की फोटो पाहून त्यांचे नातेवाईक विचारतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आलेत की शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढली.

अँबॉय? आंबोली म्हणायचंय का?

नाही. माझ्या मावशीनंही फोनवर आंबोलीच ऐकलं आणि "छत्री ने रे" असं बजावलं. सावंतवाडीजवळच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अँबॉयला शंभराच्या आत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि आठवडेच्या आठवडे तिथंच मुक्काम ठोकतो.

आहे तरी कुठे?

कॅलिफोर्नियाच्या सॅन बर्नार्डिनो काउंटीत. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा; पण हा जिल्हा सुमारे ५२,००० चौरस किलोमीटरचा. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा अहिल्यानगर जिल्हा यात तीनदा मावेल. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या २१,८१,६५४ भरली, आणि त्यातली बहुतेक माणसं लॉस एंजेलिसच्या बाजूच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं राहतात. उरलेल्या अफाट रिकाम्या भागात कुठंतरी अँबॉय. पश्चिमेला बारस्टो शहर सव्वाशे किलोमीटरवर, पूर्वेला कोलोरॅडो नदीकाठचं नीडल्स जवळपास तेवढ्याच अंतरावर, आणि दक्षिणेला ट्वेंटीनाइन पाम्स ऐंशीएक किलोमीटरवर. मधे किराणा नाही, दवाखाना नाही, सावलीसुद्धा नाही.

लोकसंख्या खरंच चार आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचंच उत्तर सगळ्यात निसरडं आहे.

वर्तमानपत्रांत आणि प्रवासवर्णनांत "चार" हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. पण तो जनगणनेतला नाही. अँबॉयला नगरपालिका नाही आणि जनगणना खात्यानं आकडेवारीसाठी आखलेल्या वस्त्यांच्या यादीतही त्याचं नाव नाही. माणसं मोजली जातात, पण आजूबाजूच्या ओसाड पट्ट्यात मिसळून. "अँबॉय : इतके" अशी ओळ कुठंच छापली जात नाही. मग होतं काय, की बातमीदार पेट्रोल पंपावर थांबतो, गल्ल्यावरच्या माणसाला विचारतो, "इथं किती जण राहतात?" आणि तो त्या दिवशी कामावर असलेले मोजून सांगतो. पाळी बदलली की लोकसंख्या बदलली.

मी स्वतः एकदा हा प्रश्न गल्ल्यावरच्या मुलाला विचारला होता. त्यानं खिडकीतून मागच्या खोल्यांकडे नजर टाकली, गाड्या मोजल्या आणि म्हणाला, "आज तीन. उद्या एक जण सुट्टीवरून येतोय." मला वाटतं, याहून खरी जनगणना अँबॉयची झालेली नसावी.

मग पूर्वी किती लोक होते?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या काळात सातशे होते असं सांगतात. त्यातले सत्तर तर एकट्या रॉय्ज या हॉटेल-कम-गॅरेजात कामाला होते. रेल्वेची माणसं, मिठाच्या आणि जिप्समच्या कामावरचे मजूर, मेकॅनिक, जेवण वाढणाऱ्या बाया, आणि शाळेत जाणारी त्यांची पोरं. शाळेची इमारत अजून उभी आहे. शाळा १९९९ साली बंद पडली.

सातशेवरून चारवर हे गाव कसं आलं, हीच खरी गोष्ट. थोडक्यात सांगायचं तर अँबॉय गाड्यांच्या तहानेवर जगलं. गाड्यांना थांबावं लागत होतं तोवर गाव होतं.

गाव वसलं कधी, १८५८ की १८८३?

दोन्ही सालं वाचायला मिळतात. १८५८ मध्ये इथं पहिली वस्ती झाली असं म्हणतात, पण गाव म्हणून अँबॉय आलं १८८३ साली, रेल्वेबरोबर. मी १८८३ धरतो. लोहमार्ग येण्याआधी या जागी कोणी तळ ठोकून राहावं असं काहीच नव्हतं.

आणि हे विचित्र नाव?

नावामागे दंतकथा नाही, शाळेतली उजळणी आहे! लुईस किंगमन नावाचा रेल्वे इंजिनियर होता (ॲरिझोनातलं किंगमन शहर त्याच्याच नावाचं). वाळवंटात ओळीनं थांबे काढायचे होते आणि गावं नव्हतीच, म्हणजे नावंही नव्हती. त्यानं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं नावं देऊन टाकली. ए म्हणजे अँबॉय, बी ब्रिस्टॉल, सी कॅडिझ, डी डॅन्बी, ई एडसन (पुढे एसेक्स), मग फेनर, गॉफ्स, होमर, आयबिस आणि शेवटी जावा. नकाशावर बोट फिरवलं तर पश्चिमेकडून पूर्वेकडे बाराखडी म्हणत गेल्यासारखं वाटतं. अँबॉय पहिल्या नंबरावर, कारण त्याचा नंबर पश्चिमेकडून पहिला लागला. बाकी मोठेपणा काही नाही.

रेल्वेच्या आधी इथं कोणीच नव्हतं?

होतं की. हा चेमेवेवी लोकांचा मुलूख. एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत, ऋतू पाहून ते या वाळवंटातून ये-जा करत. पूर्वेला नदीकाठी मोहावी लोक होते. वाळवंटाला त्यांचंच नाव मिळालं. आज चेमेवेवींची राखीव जमीन कोलोरॅडो नदीवरच्या हवासू तलावाच्या काठी आहे. "इथं काहीच नव्हतं" हे वाक्य रेल्वेवाल्यांच्या तोंडचं, एवढं लक्षात ठेवावं.

पाणी कुठून येतं?

गावाच्या बुडाशी पाणी आहे, पण खारट. शेजारी ब्रिस्टॉल नावाचं कोरडं तळं आहे. हजारो वर्षं आजूबाजूच्या डोंगरांतलं पाणी तिथं उतरलं, आटलं आणि मीठ मागे ठेवून गेलं. त्यामुळे पिण्याचं पाणी बाहेरून आणण्यावाचून गत्यंतर नाही. पूर्वी ते रेल्वेच्या टाक्यांतून यायचं. आपल्याकडे २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली होती, ती आठवा. लातूरला तो आणीबाणीचा उपाय होता. अँबॉयमध्ये तो रोजचा नळ होता.

वाफेच्या इंजिनांनाही पाणी लागायचं, आणि या पट्ट्यात सांता फे रेल्वेला त्याचा इतका जाच होता की १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं मालगाड्यांची डिझेल इंजिनं पहिल्यांदा वाळवंटी मार्गांवरच आणली. डिझेलला पाण्यासाठी थांबावं लागत नाही. गावाला पहिला चिमटा इथं बसला, पण तेव्हा तो कोणाला जाणवला नाही, कारण रस्त्यावर मोटारी वाढत होत्या.

त्या मिठाचं काही होतं का?

होतं. तळ्यात लांबच लांब चर खणलेले दिसतात. त्यात वर आलेलं खारं पाणी उन्हात आटवून कॅल्शियम क्लोराइड काढतात. कच्च्या रस्त्यांवरची धूळ बसवायला, थंड मुलखात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला ते वापरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं जिप्समही काढत. विमानातून पाहिलं तर चरांतलं पाणी हिरवट-निळं दिसतं आणि भोवती सगळं पांढरं.

ती रॉय्जची पाटी एवढी प्रसिद्ध का?

फोटोतली ती बाणासारखी भली मोठी पाटी. त्यासाठी आधी रूट ६६ सांगायला हवा.

१९२६ साली शिकागो ते लॉस एंजेलिस असा हा राष्ट्रीय रस्ता आखला गेला आणि तो अँबॉयमधून गेला. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात दुष्काळ आणि धुळीची वादळं आली, तेव्हा लाखो शेतकरी कुटुंबं चंबूगबाळं गाडीवर बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली; त्यातली कितीतरी याच रस्त्यानं गेली. त्या काळच्या मोटारी चढावर आणि उन्हात लगेच तापायच्या. रेडिएटर उकळायचा, पट्टे तुटायचे, टायर फुटायचे. अशा जागी गॅरेज टाकणाऱ्याला गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागत नाही.

१९३८ मध्ये रॉय क्रोल यांनी इथं पंप आणि गॅरेज काढलं. पुढे त्यांचे जावई बस्टर बरिस येऊन मिळाले आणि खरा कारभार त्यांनीच उभा केला: कॅफे, मुक्कामाच्या खोल्या, दुरुस्तीचं दुकान, सगळं चोवीस तास उघडं. बरिस यांनी जुन्या स्टुडबेकर ट्रकमधून खांब आणि तारा वाहून बारस्टोहून गावात वीज आणली, असं सांगतात. सव्वाशे किलोमीटर! आमच्या गावाकडे वाडीवर एक पोल टाकायला जेवढे अर्ज लागतात ते आठवून मला दर वेळी या माणसाला दंडवत घालावासा वाटतो.

पाटी लागली १९५९ मध्ये. उंची पन्नास फूट. सपाट वाळवंटात रात्री तिचे निऑन दिवे फार लांबून दिसायचे. शेजारच्या स्वागतकक्षाचं छप्पर असं तिरकं वर उचललेलं आहे की इमारत आत्ता उडेल असं वाटावं. पुढची बाजू सगळी काचेची. अवकाशयुगाची हौस असलेल्या त्या काळच्या कॅलिफोर्नियात या शैलीला "गूगी" म्हणत. आजच्या इंटरनेटवाल्या गूगलशी तिचा काही संबंध नाही, हा प्रश्नही येतो म्हणून सांगितलं.

गावाजवळ अणुबॉम्ब फोडणार होते, ही अफवा ना?

अफवा नाही. कागदावर पूर्ण आराखडा होता.

साठच्या दशकात जुन्या रस्त्याऐवजी नवा महामार्ग, आजचा इंटरस्टेट ४०, आखायचं चाललं होतं. वाटेत अँबॉयच्या उत्तरेला ब्रिस्टॉल डोंगर. सांता फे रेल्वेलाही तिथून सरळ मार्ग हवा होता. त्याच सुमारास अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग अणुस्फोटांचे "शांततेचे उपयोग" शोधत होता. तिघांनी मिळून १९६३ मध्ये योजना मांडली. नाव, प्रोजेक्ट कॅरीऑल. डोंगरात ओळीनं २२ अणुबॉम्ब पुरायचे, उडवायचे आणि तयार झालेल्या घळीतून महामार्ग आणि रूळ न्यायचे. घळ सुमारे तीन किलोमीटर लांब. पावसाचं पाणी अडवायला बाजूला खड्डा हवा, म्हणून आणखी एक बॉम्ब. एकूण ताकद पावणेदोन मेगाटनांच्या घरात, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या शंभरपटीहून जास्त. आणि हे सुरुंगापेक्षा स्वस्त पडेल, असा हिशेब होता!

अँबॉय तिथून वीसेक किलोमीटरवर.

पुढे रस्तेवाल्यांना तारखा पाळायच्या होत्या, अणुवाल्यांच्या चाचण्या लांबत गेल्या, किरणोत्सर्गाची भीती आणि अणुचाचणीबंदीचा करार होताच, योजना बारगळली. डोंगर साध्या यंत्रांनीच कापला. मला यातला विनोद असा वाटतो की बॉम्बमधून गाव वाचलं आणि त्याच रस्त्यानं शेवटी ते रिकामं केलं.

म्हणजे १९७३ मध्ये नेमकं काय झालं?

इंटरस्टेट ४० उत्तरेला डोंगरांपलीकडून खुला झाला आणि जुन्या रस्त्यावरची रहदारी जवळपास एका दिवसात आटली. पंपावर रांगा लागायच्या तिथं माशा मारायची वेळ आली. गाड्याही एव्हाना सुधारल्या होत्या. वातानुकूलित, एका टाकीत वाळवंट पार करणाऱ्या. नोकऱ्या गेल्या तशी कुटुंबं गेली. महामार्गाबाहेर पडलेली आपल्याकडची गावं किमान शेतीवर तगतात. अँबॉयकडे मीठ सोडून दुसरं काही पिकत नव्हतं.

गाव विकत घेतलं म्हणतात, ते कसं शक्य आहे?

आपल्याकडे गाव म्हटलं की गावठाण, शेकडो सातबारे, भाऊबंदकी. इथं जवळपास अख्खं गाव एका कुटुंबाच्या खाजगी मालकीचं होतं: बरिस यांच्या. त्यांनी ते नव्वदच्या दशकात दुसऱ्यांच्या हाती दिलं. २००० साली ते वारले. नव्या मंडळींनी २००३ मध्ये ईबेवर गाव लिलावाला काढलं, पण अपेक्षित किंमत कोणी दिली नाही. कर्ज थकलं आणि गाव फिरून बरिस यांच्या पत्नीकडे आलं.

२००५ मध्ये ते अल्बर्ट ओकुरा यांनी घेतलं, सव्वाचार लाख डॉलरना. ओकुरा जपानी वंशाचे, धंदा भाजलेल्या कोंबडीचा. हुआन पोयो ही त्यांची उपाहारगृहांची साखळी. सॅन बर्नार्डिनोमध्ये जिथं पहिलं मॅकडोनाल्ड्स होतं ती जागाही त्यांनी घेऊन संग्रहालय केलेलं. रॉय्ज पुन्हा सुरू करीन असा शब्द त्यांनी दिला होता. गावाला त्यांचीच बोली लागली, त्यात या शब्दाचाही वाटा होता. २००८ मध्ये पंप सुरू झाला आणि १६ नोव्हेंबर २०१९ ला पाटीचे दिवे पुन्हा लागले. ओकुरा जानेवारी २०२३ मध्ये वारले. आता कारभार मुलगा पाहतो.

मग सरपंच कोण?

कोणी नाही. निवडणूक नाही, ग्रामसभा नाही. रस्ता, पोलीस वगैरे काउंटीकडे; बाकी मालकाची मर्जी. मालक पिढीजात सरंजामदार नसून कोंबडीवाला आहे, एवढाच फरक.

आज तिथं काय आहे?

पेट्रोल (शहरापेक्षा बरंच महाग, आणि ते रास्तच), थंड पेयं, टोप्या-टीशर्ट, समोर पोस्ट ऑफिस, पिन ९२३०४. बंद चर्च, बंद शाळा, मुक्कामाच्या पांढऱ्या खोल्या (भाड्यानं मिळत नाहीत), जुनी मातीची धावपट्टी. कॅफेत जेवण मिळत नाही. गोड्या पाण्याशिवाय स्वयंपाकघर चालवणार कसं?

रूट ६६ छापाचं रूट बिअर (नावात बिअर, पण दारू नाही, गोड पेय) मात्र मिळतं. आईनं आवडीनं बाटली घेतली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "हे पाठीला चोळायचं असतं." वास खरंच मलमाचा आहे. बाबांनी संपवलं, पैसे दिलेत म्हणून.

आणि मालगाड्या. लॉस एंजेलिसच्या बंदरांतून निघालेल्या, डब्यावर डबा रचलेल्या, दोन-दोन किलोमीटर लांब. मुलगा डबे मोजायला बसतो आणि शंभराच्या पुढे चुकतो. थांबत यातली एकही नाही.

जवळचा ज्वालामुखी जिवंत आहे का?

झोपलेला म्हणा. अँबॉय क्रेटर हा राखेचा शंकू साधारण ७५ मीटर उंच, भोवती सुमारे ७० चौरस किलोमीटर काळा लाव्हा. शेवटचा उद्रेक सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाला हा दगड हातात घेतला की ओळखीचा वाटतो, फक्त जाळीदार आणि हलका. जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर चाल आहे; नोव्हेंबर ते मार्चमध्येच चढा. उन्हाळ्यात "एवढंच तर आहे" म्हणून निघणाऱ्यांना उचलून आणावं लागतं. २०१६ पासून हा सगळा भाग मोहावी ट्रेल्स राष्ट्रीय स्मारकात आहे.

जायचं तर काय लक्षात ठेवावं?

माणशी चार लिटर पाणी, भरलेली टाकी, आधीच उतरवून घेतलेला नकाशा. मोबाईलला रेंज नसते. आमचा एकदा क्रेटरच्या अलीकडे टायर बसला आणि तेव्हा कळलं की जॅक घरी गॅरेजमध्ये आहे. चाळीस मिनिटांनी एक ट्रकवाला थांबला. तोवर दुसरं वाहन नाही. शिवाय जुन्या रस्त्यावर १९३० च्या दशकातले शंभराहून अधिक लाकडी पूल आहेत, आणि वळवाचा पाऊस झाला की ते वाहून जातात. अँबॉयच्या पूर्वेचा रस्ता यामुळे वर्षानुवर्षं बंद राहिला आहे. निघण्याआधी काउंटीची रस्त्यांची सूचना पाहा.

रस्त्याकडेला दगडांनी लिहिलेली नावं कसली?

पुराचं पाणी वळवायला रस्त्याच्या बाजूनं मातीचा बांध घातलेला आहे. त्यावर येणारे-जाणारे दगड मांडून नावं लिहितात, मैलोन् मैल. जोडप्यांची, गावांची, देशांची. गावात चार माणसं आणि वेशीवर हजारो नावं.

तुमचंही आहे का?

आईनं "श्री" काढला होता. बांध उकरायचा नाही म्हणून आजूबाजूचे सुटे काळे दगड वेचून, गुडघे दुखत असताना अर्धा तास. वेलांटी तीनदा मोडली. पुढच्या खेपेला मी जागा शोधून काढली, तर तेच दगड कोण्या माईकच्या नावात लागले होते. आईला अजून सांगितलेलं नाही.